घरची कोथिंबीर : एका वाफ्याचे चार भाग



ऊस विकास खात्याच्या पानावर कोथिंबिरीचा लेख पाहून काहींना हसू येईल. येऊ द्या. गटातून फिरताना आम्ही जे नेहमी पाहतो ते आधी सांगतो. घराला लागून पाच एकर ऊस उभा असतो. विहिरीला पाणी असते, ठिबक असते, दारात म्हैस असते, परसात खताचा उकिरडा असतो. आणि पाहुणे आले, पोहे टाकायचे झाले, की पोराला मोटारसायकलवर बाजारच्या गावी जुडी आणायला पिटाळतात. जुडीपेक्षा पेट्रोल महाग पडते. पावसाळ्यात झड लागली की जुडीचाच भाव असा चढतो, की भाजीवाल्याला “थोडी कोथिंबीर वरती टाक हो” म्हणायची सोय राहत नाही.

त्या घरातल्या वहिनींना विचारले तर दोनपैकी एक उत्तर मिळते. “पेरली होती हो, उगवलीच नाही.” किंवा, “उगवली, पण सगळी एकदम आली. खाऊन संपेना. मग फुलावर गेली आणि म्हशीला टाकली.” ही दोन्ही उत्तरे आम्ही इतक्या घरांत ऐकली आहेत, की त्यावर नीट लिहिले पाहिजे असे वाटू लागले. तिसरेही एक कारण आहे. ते आमच्याच चुकीतून आम्हाला कळले. ते पुढे येईलच.

कोथिंबिरीने कोणी माडी बांधली नाही, हे आम्हालाही समजते. पण आडसाली लागण जुलै-ऑगस्टात करायची आणि तोड पुढच्या साली दिवाळीच्या पुढे-मागे मिळायची. सोळा-अठरा महिने पैसा जमिनीत अडकून पडतो. मधल्या काळात घर चालते ते डेअरीच्या बिलावर, चार अंड्यांवर आणि घरच्या बाईच्या हिशेबीपणावर. दर आठवड्याला पाच-पन्नास रुपये भाजीच्या वरखर्चात जातात ते याच पैशातून. वर्षाचा आकडा मांडून पाहा. पुन्हा कोथिंबिरीत जीवनसत्त्व अ आणि क भरपूर. पोरांच्या ताटात ती रोज पडावी अशी वस्तू आहे, सणावारी भुरभुरवण्याची नव्हे.

धना म्हणजे दोन डोळ्यांची टिपरी

पहिले उत्तर घेऊ : उगवलीच नाही.

आपण ज्याला एक धना म्हणतो ते एक बी नसते. ते कोथिंबिरीचे फळ असते आणि त्याच्या गोल टरफलात दोन बिया पाठीला पाठ लावून बसलेल्या असतात. उसाच्या भाषेत सांगायचे तर धना म्हणजे दोन डोळ्यांची टिपरी. धना अख्खाच पेरला तर वरच्या कवचातून पाणी आत शिरायला उशीर लागतो. एक धना आठव्या दिवशी उगवतो, दुसरा विसाव्या दिवशी, तिसरा कुजून जातो. उगवला तरी दोन्ही रोपे एकाच भोकातून वर येतात आणि एकमेकांना दाबतात. अख्खा धना उगवतच नाही असे नव्हे, कोणी कोणी तसा पेरून कोथिंबीर खाल्लेलीही असेल. पण उगवण विरळ आणि मागेपुढे होते. मागेपुढे उगवलेल्या उसाचे काय होते ते आपल्याला सांगायला नको.

म्हणून धने पेरण्यापूर्वी रगडायचे. गोणपाट किंवा जाड कापड जमिनीवर अंथरावे, त्यावर धने एकेरी थरात पसरावे आणि लाकडी फळीने हलक्या हाताने घोळून दाबावे. आमच्या लहानपणी जुन्या चपलेने रगडत, तेही चालते. प्रत्येक धन्याच्या दोन डाळी झाल्या म्हणजे पुरे. पाट्यावर वरवंटा फिरवू नका. डाळीच्या टोकाला कोंब असतो, तो चेंगरला तर ते बी मसाल्याच्या डब्यातच शोभेल. मिक्सरमध्ये ‘जरासे फिरवून’ घेतलेले धनेही आम्ही पाहिले आहेत. त्या वाफ्यात पुढे फक्त लव्हाळा उगवला.

रगडलेले धने बारा तास साध्या पाण्यात भिजत घालावेत. संध्याकाळी घातले की सकाळी काढावेत. पाणी निथळून सावलीत अर्धा-एक तास पसरावेत, म्हणजे हाताला चिकटत नाहीत आणि सारखे पेरता येतात. ज्यांच्याकडे ट्रायकोडर्माची पुडी असेल त्यांनी किलोला पाच ग्रॅम या प्रमाणात चोळावी. मर रोगाला आळा बसतो. नसेल तर त्यावाचून अडू देऊ नका.

आता धने कुठले घ्यावेत? किराणा दुकानातले खाण्याचे धने चालतात का, असे पुष्कळजण विचारतात. चालतात, मात्र ते भाजलेले नसावेत आणि दोन वर्षांच्या आतले असावेत. धना हातात घेऊन फोडून वास घ्या. वास खमंग आला, आतला गर पांढुरका दिसला, तर ठीक. काळवंडलेला, कुबट वासाचा, भोके पडलेला धना घेऊ नये. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे उगवण पाहणे. रगडलेल्या पन्नास डाळी मोजून ओल्या फडक्यात गुंडाळा, फडके सुकू देऊ नका, दहा-बारा दिवसांनी उघडा. तीस-पस्तीस डाळींना कोंब दिसला तर निर्धास्त पेरा. पंधरा-वीसच दिसले तर बी दुप्पट टाका किंवा सरळ दुकान बदला.

बियाण्याच्या दुकानातून पाकीट आणले आणि धने लाल-गुलाबी रंगाचे दिसले, तर ते औषध लावलेले बी आहे. ते पेरायचेच. उरले तर फोडणीत, मसाल्यात, कोंबड्यांना, कुठेही जाऊ द्यायचे नाही. आमचे सांगणे असे की अशी पिशवी स्वयंपाकघरात ठेवूच नये, कारण घरात सगळ्यांनाच पाकीट वाचण्याची सवय नसते.

जातींचा पाल्हाळ लावत नाही. ‘को-१’ ही जात पुष्कळांच्या ऐकण्यात आहे. गंमत अशी की, आपल्या को-४१९, को-७४० आणि आजच्या को-८६०३२ उसातला ‘को’ आणि या धन्यातला ‘को’ एकाच गावचे, म्हणजे कोइमतूरचे. ऊस तिथल्या १९१२ साली स्थापन झालेल्या ऊस पैदास संस्थेचा आणि धना तिथल्या कृषी विद्यापीठाचा. घरापुरते बोलायचे तर आपल्याच भागातला, चांगल्या वासाचा गावरान धना मिळाला तरी काम भागते.

वाफा

परसातली जागा निवडताना आधी पाणी कुठून येते ते पाहा. न्हाणीचे आणि मोरीचे पाणी केळीला, नारळाला, अळूला सोडतात. कोथिंबिरीला ते सोडू नये. अळू शिजवून खातो, कोथिंबीर कच्ची खातो. याच कारणाने ताजे शेणही वाफ्यात नको. चांगले कुजलेले, हातात घेतले तर चहापत्तीसारखे मोकळे होणारे खत हवे. कारखान्याचे प्रेसमड कंपोस्ट घरी आणले असेल तर तेही पूर्ण कुजलेलेच वापरा. कच्चे प्रेसमड वाफ्यात घातले तर आत उष्णता धरते आणि कोंब जळतो.

तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद असा एक वाफा पाच-सहा माणसांच्या घराला पुरतो. जमीन वीतभर खोल खणून ढेकळे फोडावीत, दोन-तीन घमेली खत मिसळावे. कोथिंबिरीचे मूळ सरळ खाली जाणारे असते. त्यामुळे ती वांगी-मिरचीसारखी रोपे करून लावता येत नाही. जिथे वाढायची तिथेच पेरायची. परस नसेल त्यांनी तेलाचा चौकोनी डबा आडवा कापून, फळांचा खोका, फुटके घमेले, काहीही घ्यावे. वीतभर माती बसली पाहिजे आणि तळाला पाणी जायला भोके पाहिजेत. औषधाचा रिकामा डबा मात्र कितीही धुतला तरी घेऊ नये.

पेरणी ओळीत करावी. खुरप्याच्या टोकाने अर्ध्या वितीवर, म्हणजे साधारण दहा सेंटिमीटरवर रेघा ओढाव्यात आणि डाळी सारख्या अंतराने टाकून एक-दीड सेंटिमीटर मातीने झाकाव्यात. बोटाच्या एका पेराच्या निम्म्याहून खोल जाऊ देऊ नये. फोकून पेरली तरी येते, पण मग तण आणि रोप यांतला फरक करताना कंबर मोडते.

पेरल्यावर झारीने हलके आंबवणीचे पाणी द्यावे, तिसऱ्या-चौथ्या दिवशी चिंबवणी. पाटाने धबाबा पाणी सोडले की सगळे बी वाफ्याच्या एका कोपऱ्यात गोळा होते. काळ्या जमिनीत पाणी आटले की वर पापुद्रा धरतो आणि नाजूक कोंबाला तो फोडता येत नाही. त्याला आपल्याकडे फुकटचा उपाय आहे : पाचट. उसाचे पाचट कुस्करून पातळ अंथरा, त्यावरून पाणी द्या. ओल टिकते, पापुद्रा धरत नाही, चिमण्या बी टिपत नाहीत. आठव्या-दहाव्या दिवशी कोंब दिसू लागले की संध्याकाळच्या वेळी पाचट अलगद काढून घ्या. हे विसरू नका. पाचटाखाली राहिलेली रोपे पिवळी, लांबट होतात आणि पहिल्याच पाण्याला लोळतात.

लागण नोंदीसारखी पेरणी नोंद

आता दुसरे उत्तर : सगळी एकदम आली. आमच्या मते घरची कोथिंबीर फसण्याचे मोठे कारण हेच आहे आणि याचे औषध आपल्या कारखान्यातच आहे.

कारखाना सगळ्या सभासदांची लागण एकाच आठवड्यात नोंदवून घेत नाही. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा असे टप्पे पाडतो, प्रत्येक प्लॉटची तारीख लिहितो आणि त्या तारखेवरून तोडणीचा कार्यक्रम आखतो. का? कारण गव्हाणीत रोज ठरावीक ऊस पडला पाहिजे. एके दिवशी दुप्पट आणि दुसऱ्या दिवशी शून्य, असे चालत नाही. घरची चूलही तशीच आहे. तिला रोज चिमूटभर कोथिंबीर लागते. वाफा एकदम पेरला तर सहा चौरस मीटरची चार-पाच किलो कोथिंबीर एकाच आठवड्यात तयार होते. ती शेजारीपाजारी वाटून, वड्या करूनही उरते आणि पुढच्या महिन्यात पुन्हा बाजार.

म्हणून त्याच वाफ्याचे चार भाग पाडावेत. मध्ये काठ्या आडव्या टाकल्या तरी पुरे. पहिला भाग आज पेरा. बारा दिवसांनी दुसरा, आणखी बारा दिवसांनी तिसरा, पुन्हा बारा दिवसांनी चौथा. चौथा पेराल त्या दिवशी पहिला छत्तीस दिवसांचा झालेला असेल, म्हणजे खुडायला आलेला. तो अठ्ठेचाळिसाव्या दिवसापर्यंत खायचा, मग ती जागा खणून पुन्हा पेरायची. तोवर दुसरा भाग तयार असतो. अशी पाळी धरली की एकदा सुरू झालेली कोथिंबीर सहसा खंडत नाही. प्रत्येक भागाला दहा ते पंधरा ग्रॅम धने लागतात, म्हणजे अर्धी मूठ. शेतात हेक्टरी दहा ते पंधरा टन पाला धरतात, म्हणजे चौरस मीटरला किलो-दीड किलो. घरच्या वाफ्यात त्याहून कमी धरा. तरी एका भागातून बारा दिवसांना पुरेल इतकी, किलोभर निघायला हरकत नाही.

यात कौशल्य काही नाही. तारीख लक्षात ठेवणे एवढेच काम आहे आणि तेच होत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दूधवाल्याच्या खुणा असतात त्याच्याच शेजारी पेरणीच्या दिवशी ‘धने १’, ‘धने २’ असे लिहावे. आमच्या एका गटात एका आजींनी ही जबाबदारी शाळेत जाणाऱ्या नातीवर टाकली आहे. नात तारीख चुकवत नाही, आजी पाणी चुकवत नाही. त्या घरी आम्हाला वर्षाच्या कोणत्याही महिन्यात चहाऐवजी कोथिंबीर वडी मिळाली आहे, हे कबूल केले पाहिजे.

आमची चूक

आता तिसरे कारण. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास आम्ही एका गावात महिलांची बैठक घेतली. घरच्या वाफ्याचे सांगितले आणि उत्साहात पुढे जाऊन असेही सांगितले, की पूर्वहंगामी लागण नुकतीच झाली आहे, सरीच्या बगलेला कोथिंबीर पेरा. बाळबांधणीच्या आत निघून जाते, उसाला त्रास होत नाही, बाजारही चांगला मिळतो. धने आम्हीच आणून वाटले. सांगितले ते खोटे नव्हते. पूर्वहंगामी उसात कोथिंबीर हे चांगले आंतरपीक आहे. हवा थंड, ऊस लहान आणि पंचेचाळीस दिवसांत रान मोकळे.

एका भगिनीने अर्ध्या एकरात सऱ्यांना धने टाकले. रगडून, भिजवून, सगळे सांगितल्याप्रमाणे. रोपे उगवली. दोन पानांवर आली, पण मग पानांच्या कडा पिवळ्या पडल्या, करपल्या आणि आठवड्यात रान साफ झाले. बी खराब दिले, असे गावात झाले. आम्ही जाऊन पाहिले. तेच धने शेजारच्या परसात हिरवेगार उभे होते. मग मालकांना विचारले, लागणीनंतर काही मारले होते का? त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. लागणीनंतर तिसऱ्या दिवशी ॲट्राझिन फवारा, अशी शिफारस होती. चिठ्ठी आमच्याच खात्याची, अक्षर आमचेच.

ऊस आणि मका यांच्या अंगात ॲट्राझिन मोडून टाकण्याची ताकद असते, म्हणून ते त्या पिकांना बाधत नाही. कोथिंबिरीला ती ताकद नाही. रुंद पानाचे तण जसे जळते तशी ती जळते. शिवाय हे औषध फवारले आणि संपले असे होत नाही, जमिनीत ते बरेच आठवडे राहते. नवऱ्याला एक शिफारस आणि बायकोला दुसरी, अशा दोन शिफारशी आम्ही एकाच रानाला दिल्या आणि त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या नाहीत. त्या भगिनींनी तेव्हा आम्हाला काही बोल लावला नाही. फक्त म्हणाल्या, “साहेब, आता तुमच्या सांगण्यावरून मी काही पेरायची नाही.” ते आजही आमच्या ध्यानात आहे. आता आंतरपिकाचे सांगण्यापूर्वी आम्ही आधी तणनाशकाचे विचारतो. आपणही आम्हाला तसे विचारायला लावा.

याचा घरच्या वाफ्याशी संबंध आहे तो असा. पुष्कळ सभासद परसाची माती भरायला उसाच्या रानातली माती आणतात. त्या रानात यंदा तणनाशक मारले असेल तर ती माती नको. शंका असेल तर एका डब्यात ती माती भरून चिमूटभर धने टाका आणि तीन आठवडे पाहा. रोपे चार पानांपर्यंत हिरवी राहिली तर माती बरी. दुसरे म्हणजे पंप. ज्या पंपाने २,४-डी मारले तो पंप तीनदा धुतला तरी भाजीच्या वाफ्यावर आणू नये. त्याचा थोडा अंश राहिला तरी रोपांचे शेंडे पिळवटतात, देठ वाकडे होतात. शेजारच्या उसात ते वाऱ्याच्या दिवशी फवारले तरी परसापर्यंत उडत येते. घरच्या वाफ्याला हातपंप वेगळा ठेवा, शेदीडशे रुपयांची वस्तू आहे.

आणि हुमणीला, खोडकिडीला आणलेले औषध ‘जरासे’ म्हणून कोथिंबिरीवर शिंपडू नका. ऊस आपण बारा महिन्यांनी तोडतो, कोथिंबीर उद्या सकाळी पोह्यावर पडते.

किडीरोगांचे थोडक्यात. घरच्या वाफ्यात मुख्य त्रास माव्याचा. ढगाळ हवेत शेंड्यावर हिरवट-काळे ठिपके बसलेले दिसतात आणि पान चिकट लागते. पन्नास ग्रॅम निंबोळीची भुकटी फडक्यात बांधून रात्रभर लिटरभर पाण्यात ठेवावी, सकाळी पिळून गाळून त्यात साबणाचा चुरा चिमूटभर टाकून फवारावे. मावा फारच झाला तर तेवढा भाग उपटून टाकावा. आपल्याकडे अजून तीन भाग आहेत, जीव जाळायचे कारण नाही. रोपे एकाएकी माना टाकू लागली तर ती मर. पाणी जास्त होत असेल ते तोडावे आणि पुढची पेरणी त्या जागी न करता तिथे मेथी घ्यावी. पांढरी भुकटी, म्हणजे भुरी, हिवाळ्याच्या शेवटी जुन्या पिकावर येते. ते पीक काढायलाच आलेले असते.

तीन हंगाम, तीन तऱ्हा

हिवाळ्यात कोथिंबीर कोणालाही येते. वीस-पंचवीस अंशांची हवा तिला मानवते. याच दिवसांत बाजारातही ती पायलीला पसाभर होते, म्हणून हिवाळ्याच्या यशाने हुरळून जाऊ नये. खरी परीक्षा मार्चनंतर.

उन्हाळ्यात दोन अडचणी. तापलेल्या मातीत उगवण कमी होते. आणि दिवस मोठा व ऊन कडक असले की कोथिंबीर पाला सोडून लवकर फुलावर जाते. उसाला तुरा आला की वाढ थांबते, तसेच. दांडा उंच होतो, पाने शेपूसारखी बारीक होतात, वास बदलतो. म्हणून मार्च ते मे वाफा शेवग्याच्या, पपईच्या विरळ सावलीत घ्यावा किंवा शेडनेटचा तुकडा चार काठ्यांवर बांधावा. जुने लुगडेही चालते. दुपारचे ऊन अडले पाहिजे, सकाळचे मिळाले पाहिजे. पाणी रोज सकाळी थोडे. उन्हाळ्यात बी सव्वापट टाकावे आणि बारा दिवसांची पाळी दहावर आणावी, कारण तयार झालेला भाग फार दिवस थांबत नाही. हे सगळे करूनही उन्हाळ्याचे उत्पन्न निम्म्यावर येते, ते धरून चालावे.

पावसाळ्यात उलट. सपाट वाफ्यात पाणी साचून मूळ कुजते, म्हणून गादीवाफा वीतभर उंच करावा. कौलांच्या पागोळ्या पडतात त्या रेषेत पेरू नये, एका सरीत रोपे आडवी होतात. पावसाच्या तडाख्याने पानांवर माती उडते आणि पान सडते. ओळींच्या मध्ये थोडे पाचट ठेवले तर माती उडत नाही. ज्यांच्या घराला पत्र्याची पडवी आहे त्यांनी पावसाळ्यातली पाळी डब्यांत, पडवीच्या कडेला घ्यावी. बाजारात जुडी महाग असते ती नेमकी याच दिवसांत.

खताचे फार सांगत नाही. वाफ्यात कुजलेले खत असेल तर पुरते. विसाव्या दिवशी रोपे फिकट वाटली तर सगळ्या वाफ्याला मिळून वीस-पंचवीस ग्रॅम युरिया पाण्यात विरघळवून ओळींच्या मधून द्यावा. उसाच्या हाताने युरिया टाकू नका. जास्त नत्राने कोथिंबीर दिसते माजलेली, पण खुडून ठेवली की रात्रीत लिबलिबीत होते.

कोथिंबीर उपटायची की कापायची, यावर सासू-सुनेचे मतभेद आम्ही ऐकले आहेत. बाजारात न्यायची तर उपटतात, मुळासकट जुडी बांधता येते म्हणून. घरी, हिवाळ्यात आणि पावसाळ्यात, ती जमिनीपासून तीन-चार बोटे ठेवून विळ्याने कापावी. मधला कोंब शाबूत राहतो आणि पंधरा-वीस दिवसांत पुन्हा फुटते. हा कोथिंबिरीचा खोडवा. लागणीइतका येत नाही, पण खर्चही नाही. निडवा मात्र ठेवू नये, तिसऱ्यांदा ती फुलावरच जाते. उन्हाळ्यात खोडव्याच्या भानगडीत न पडता उपटून जागा मोकळी करावी.

इथेच एक विचारणा नोंदवतो. एका सभासदाचा मुलगा पुण्याला हॉटेलच्या शिक्षणाला आहे. तो म्हणाला, तिकडे पार्सली लागते, ती आपल्याकडे होईल का? पार्सली ही कोथिंबिरीच्याच कुळातली. गाजर, शेपू, ओवा, जिरे, बडीशेप ही सगळी तीच भावकी, सगळ्यांची फुले छत्रीसारखी. हिवाळ्यात कुंडीत ती होते. पण तिचे बी फार आळशी, तीन-तीन आठवडे वर डोके काढत नाही आणि तोवर माती ओली ठेवावी लागते. एकदा लागली की पहिल्या साली फुलावर जात नाही, बाहेरची पाने खुडत राहावे. मुलाने हौसेने एक कुंडी करून पाहावी. आपल्या रश्शाला तिचा वास लागत नाही, तेव्हा धने सोडून तिच्या मागे लागण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

शेवटी बियाण्याचे. दरवर्षी धने विकत घ्यावे लागू नयेत म्हणून हिवाळ्याच्या पेरणीतला एक कोपरा, चांगली पन्नास-साठ झाडे, कापायचा नाही. जी झाडे उशिरा फुलावर जातात तीच बियाण्याला ठेवायची. घाईने फुलणाऱ्याचे बी धरले तर पुढच्या साली सगळी कोथिंबीरच घाई करील. फुले आली की मधमाश्या येतात, तेव्हा त्या कोपऱ्यावर कसलेही फवारे नकोत. साडेतीन महिन्यांच्या सुमाराला धने हिरव्याचे पिवळसर-तपकिरी होऊ लागतात. सगळे वाळायची वाट पाहू नका, निम्मे गळून जातात. अर्धेअधिक रंगावर आले की सकाळी दवात झाडे कापून, पेंढी बांधून सावलीत उलटी टांगावीत, खाली कापड अंथरावे. आठ-दहा दिवसांनी काठीने हलके झोडून, पाखडून धने काढावेत. दोन दिवस सावलीत वाळवून कोरड्या बरणीत कडुलिंबाचा वाळला पाला घालून ठेवावेत आणि बरणीवर साल लिहावे. रगडायचे मात्र पेरणीच्या आदल्या दिवशीच. आधी रगडून ठेवलेली डाळ टिकत नाही.

पूर्वहंगामी लागणीच्या नोंदी गट ऑफिसात सुरू होतील तेव्हा ज्यांना सरीत कोथिंबीर घ्यायची आहे त्यांनी चिटबॉयकडे नोंद देतानाच तसे सांगावे, म्हणजे त्या प्लॉटला तणनाशकाची चिठ्ठी निघणार नाही. तिथे खुरपणी करावी लागेल, तिची तयारी ठेवावी.